फोटो परत करणे

२ फेब्रुवारी १९९६, सकाळी ६.४०

ही वही विशाखाने ब्लाउजची मापं लिहायला आणली होती. मी घेतली. नवऱ्याच्या हातून काही मोठं घडणार असेल तर चार बायकांचे ब्लाउज आठवडाभर थांबू शकतात, असं तिला समजावलं. तिने टेप गुंडाळून ठेवली. पटलं असावं.

मोठं म्हणजे काय ते लिहून ठेवतो. रबाळ्याच्या एमआयडीसीत सप्टेंबरपासून तीन बायकांचे खून झाले. तिघीही संध्याकाळी कंपनीतून सुटून पायी घरी निघालेल्या. मोठ्या पेपरांनी आतल्या पानावर चार ओळी दिल्या आणि विसरले. ‘खाडीवार्ता’ या सायंदैनिकाचा ऐरोली ते घणसोली पट्ट्यातला मी एकमेव वार्ताहर. विषय आपोआप माझा झाला. वय छत्तीस. अजून उशीर झालेला नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे (आज थंडी होती). सिगारेट बंद. रोज एक पान इंग्रजी. वर्षअखेर पुस्तक.

५ फेब्रुवारी, दुपारी ३

खुन्याला नाव नाही, हीच खरी अडचण. दिलीपराव (आमचे संपादक, मालक आणि गरज पडली तर शिपाई) म्हणाले, अभय, ‘अज्ञात इसम’ कोण वाचणार रे? कायतरी हुक दे.

तिसरी बाई कामाला होती त्या कंपनीच्या गेटवरच्या नामा वॉचमनला भेटलो. तिसरा खून झाला त्या संध्याकाळी काय ऐकलंस? काय नाय, म्हणाला. आठव, म्हटलं. दुसऱ्या चहानंतर म्हणाला, शीळ ऐकली असंल बुवा. पोरी सुटायच्या टायमाला कोन ना कोन घालतंच.

बस. एवढंच हवं होतं.

सायं. ५.३०. नाव सापडलं. शीळवाला. अंगावर काटा आला. माझ्याच लेखणीची मलाच भीती वाटायला लागली आहे.

६ फेब्रुवारी

‘शीळवाल्याचा तिसरा बळी!’ पहिलं पान, माझ्या नावासकट. अंक पाच वाजताच संपला. स्टॉलवाल्याने वाचायला म्हणून माझ्याच हातातला मागून घेतला. अजून परत दिलेला नाही. सिगारेट: तीन. आनंदाच्या दिवशी मोजू नयेत.

९ फेब्रुवारी, सायं. ७

तळवलीला रखमामावशीकडे जाऊन आलो. तिचा नवरा सिताराम गमरे आमच्या मंडणगडकडच्या गावचा, माझ्या वडिलांचा दोस्त. तो गेल्यावर मावशीने भाड्याच्या एका खोलीत मुलगी वाढवली. ती मुलगी संघप्रिया. बावीस वर्षं. औषधाच्या कंपनीत पॅकिंगला. १९ जानेवारीला गेली. म्हणजे तीच तिसरी. लहानपणी पाहिलेली. मग संबंध राहिला नाही. ऐरोलीहून तळवली बसने वीस मिनिटं आहे, पण तशी लांबच पडते.

मावशीने बाकी एकाही पेपरवाल्याला दारात उभं केलं नाही. मला केलं, मी आपल्यातला म्हणून. दोन तास बोलत होती. पोरीच्या खोड्या, सवयी, सगळं. मी मान हलवत होतो. पेन काढलं नाही, असल्या वेळी बरं दिसत नाही. शिवाय लक्ष घड्याळाकडे, कारण प्रेसमध्ये फोटोचं काम करणारा सहाला घरी जातो. शेवटी फोटो मागितला. एकच होता. गेल्या जयंतीला कुणा फिरत्या फोटोवाल्याने काढलेला, पोस्टकार्डाएवढा. पांढरी साडी, हसताना डोळे अर्धे मिटलेले. कंपनीच्या पासवर दुसरा होता, तो पोलिसांनी नेला.

मावशीने फोटो पदराने पुसला. म्हणाली, अभय, येवढाच हाय रे. परत आन. आनि खाली तिचं पुरं नाव टाक, बापाच्या नावासकट. म्हटलं, मावशी, दोन दिवसांत. दारात शेजारची कैनात उभी होती. संघप्रियाबरोबर पॅकिंगच्या एकाच लाइनला होती ती. म्हणाली, तुमी तसं लिहून द्या ना. मी हसलो. माझा शब्द म्हणजे लिहिलेलाच.

फोटो मिळाला. आई रडली. चांगला दिवस.

११ फेब्रुवारी

विशेष पान. मधोमध चार कॉलम शीळवाल्याचं कल्पनाचित्र. दिलीपरावांच्या पुतण्याने काढलं. हॅट घातली आहे. रबाळ्यात हॅट कोण घालतं, असं विशाखाने विचारलं. कलेतलं तिला कळत नाही. खाली तिन्ही बायकांचे फोटो, स्टॅम्पाएवढे, १, २, ३ असे आकडे टाकून. नावांना जागा उरली नाही. पुढच्या अंकात नक्की.

१८ मार्च

कामं: पुस्तकाची अनुक्रमणिका. पुस्तकाचं नाव (‘मी आणि शीळवाला’? की ‘शीळवाला आणि मी’?). फोटो परत करणे.

पेजर घेतला. बातमीदाराकडे हवाच. सगळ्यांना नंबर दिला. पोलीस स्टेशन, दिलीपराव, तळवलीची कैनात (मावशीचे निरोप तीच फोनवर सांगते).

२२ मार्च

पेजर वाजला! बाथरूममधून साबणासकट बाहेर आलो. मेसेज: फोटो. रखमा.

२४ एप्रिल

पकडला!! कल्याणच्या एका लॉजवर. तिन्ही खून कबूल केले. ही माझ्या लेखमालेची किमया. वास्तविक तो तिथे संघप्रियाचं घड्याळ विकताना सापडला. पण घड्याळ विकायची एवढी घाई त्याला का झाली? दडपण आलं म्हणून. दडपण कुणाचं? असो. आपण बोलू नये.

प्रत्यक्ष पाहून जरा निराशा झाली. बुटका, टक्कल पडत आलेला, लेथ मशीनवर काम करणारा माणूस. हॅट नाही. शीळ तर मला येतच नाही, असं पोलिसांना म्हणाला. ते छापलं नाही. वाचकांचा विरस कशाला?

२७ जून

लाट आली आहे. मी आणली आहे. ऐरोलीच्या सलूनमध्ये ‘शीळवाला कट’ मारून मिळतो (त्याला केसच नाहीत, पण लोक कल्पनाचित्रावरून मारतात). क्रिकेटच्या एका टीमने तेच नाव घेतलं. पेपरच्या पत्त्यावर त्याच्यासाठी पत्रं येतात. दोन लग्नाच्या मागण्या. मला आजवर वाचकाचं एक पत्र आलं होतं, शुद्धलेखनाबद्दल.

आणि तो कोर्टात शीळ घालायला लागला! आत बसून शिकला असणार. सूर जमत नाही, पण नवशिक्याला एवढं चालतं.

संध्याकाळी कैनात ऑफिसात आली. म्हणाली, आमी सातला सुटतो, पोरं मागून शीळ घालत येतात. रोज. आमच्यातल्या दोघींनी नोकरी सोडली. तुमी त्याच्यावर लिवा ना. म्हटलं, अँगल चांगला आहे, बघतो. शिळेबद्दल तिला आणखी काही सांगायचं होतं, पण तेवढ्यात पेजर वाजला. राँग नंबर. तोवर ती निघून गेली. जाताना फोटोचं विचारून गेली. फोटो माझ्या पुस्तकाच्या फायलीत आहे, अगदी सुरक्षित. मुद्दाम मिळवलेलं साहित्य असं लगेच हातावेगळं करता येत नाही.

१२ सप्टेंबर, सायं. ६

त्याला तारखेसाठी कोर्टात आणलं होतं. व्हरांड्यात त्याच्याभोवती पंचवीसेक माणसं. कॉलेजच्या एका पोराने वही पुढे केली. त्याने सही केली. ‘शीळवाला.’ मी दिलेलं नाव. स्वतःचं सोडून माझं लिहितो. ऊर भरून आला, खोटं कशाला लिहू.

माझी योजना अशी होती: संघप्रियाचा फोटो अचानक समोर धरायचा आणि त्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिपायचे. प्रकरण सातवं, ‘पश्चात्ताप’. गर्दीत घुसलो आणि धरला. त्याने पाहिला. ही कितवी, असं विचारलं. मी म्हटलं, तिसरी.

त्याने मान हलवली. फोटो माझ्या हातातून घेतला, उलटा केला, माझ्या खिशातलं बॉलपेन काढलं आणि बेडीतले हात बाकावर टेकवून मागे सही केली. फार जोर देऊन लिहितो. फोटो मला परत दिला. मी थँक्यू म्हणालो.

सवयीने म्हणालो. कुणी काही हातात दिलं की माणूस म्हणतोच.

१३ सप्टेंबर

फोटो खिडकीशी धरून पाहिला. अक्षरं पुढच्या बाजूला उठली आहेत. तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत. हात फिरवला की लागतात.

एका दृष्टीने फोटोला आता ऐतिहासिक मोल आलं. पुस्तकात मागची बाजूसुद्धा छापता येईल.

जेवण गेलं नाही. पित्त असावं.

३ ऑक्टोबर

मेसेज: फोटो. रखमा. या आठवड्यात तिसरा. शेवटी गेलो. रिकाम्या हाताने. मावशीला म्हटलं, फोटो कोर्टात जमा आहे, सरकारी काम, वेळ लागतो. वाटलं होतं, चिडेल. ती म्हणाली, असं व्हय. तिच्यासाठी बसलाय व्हय तिथं. बसू दे मग. निकाल लागंपर्यंत बसू दे. मग कैनातला म्हणाली, बग, मी म्हनलं नव्हतं, आपला अभय हाय. खायला भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. दोन भाकऱ्या खाल्ल्या. विशाखाने घरी जेवण टाकलं होतं ते गेलं नाही.

८ नोव्हेंबर

टीव्ही! अंधेरीहून केबल चॅनेलचे लोक आले. ब्लेझर घातला. चाळीस मिनिटं बोललो. शीळवाल्याच्या मनात काय चालतं, असं विचारलं. सगळं सांगितलं. एखादा बळीचा फोटो आहे का म्हणाले. फाइल उघडून धरला, पुढची बाजू. बाजूने लाइट मारू नका, एवढं सांगितलं.

प्रक्षेपण पंधराला. बिल्डिंगमधल्या सगळ्यांना कळवलं. विशाखाला म्हटलं, वीस जणांचा चहा टाक.

१५ नोव्हेंबर, सायं. ८

तेवीस जण आले. कार्यक्रमात शीळवाला कोर्टातून चालत येतो (तीन वेळा, स्लो मोशन, मागे गिटार). त्याची शीळ. त्याचं गाव, त्याच्या शाळेचे मास्तर. संघप्रियाचा फोटो दोन सेकंद. तो धरलेला हात आणि एक कोपर माझं. सोसायटीचे सेक्रेटरी बाहेर पडताना म्हणाले, येलवे, ते कोपर तुमचं ना? छान आलंय.

८.४०. मेसेज: टीव्हीवर फोटो पाहिला. तुमच्याकडेच आहे तर. रखमा.

पेजर उशीखाली ठेवला. बॅटरी काढून.

२ डिसेंबर

विशाखाला सगळं सांगितलं. म्हणजे तिला फाइल आवरताना तो सापडला आणि सांगावं लागलं. ती बराच वेळ फोटो उलटसुलट करत बसली. मग म्हणाली, तुम्ही तो हिसकावून का नाही घेतला? मी परिस्थिती समजावली. गर्दी, बेडी, पोलीस. ती म्हणाली, आणि थँक्यू? मी ते तिला सांगायला नको होतं.

संकल्प: उद्याच जाऊन खरं सांगून टाकणे.

१० डिसेंबर

उद्या जमलं नाही. त्यापेक्षा चांगला मार्ग सुचला. कोपरखैरण्याच्या झहूरभाईच्या स्टुडिओत गेलो. पुसून द्या म्हटलं. झहूरभाईने भिंगातून पाहिलं, मग भिंग खाली ठेवलं. म्हणाला, अभयभाऊ, शाई घासली तर कागद फाटेल, तिच्या तोंडाला भोक पडेल. नवीन कॉपी काढून बघतो. पण हे तिच्या आईला दाखवू नका, खुदाचं नाव घ्या.

कॉपी येणार म्हणजे प्रश्न मिटला. मोठी करून फ्रेममध्येच देतो. मावशीला एवढासा फोटो हवा होता, मी दहा बाय बारा देणार. चार सिगारेट.

८ जानेवारी १९९७

झहूरभाईने तीनदा प्रयत्न केला. फोटो मोठा झाला, तशी अक्षरंही मोठी झाली. गालावरून पांढऱ्या रेघा गेल्यासारखं दिसतं. लांबून कळत नाही. निदान मला सांगितल्यावरच कळलं.

पेजरला बॅटरी परत घातली. मेसेज: रविवारी १९ तारखेला वर्ष होतं. पुण्यानुमोदन साडेदहाला. फोटो घेऊन या. रखमा.

१९ जानेवारी, सकाळी ८

फ्रेम तयार. हार घेतला. चार शब्द बोलायची वेळ आली तर तयारी असावी म्हणून भाषण लिहिलं, साडेतीन पानं. मूळ फोटो खिशात ठेवला आहे, लागला तर म्हणून. लागणार नाही.

२० जानेवारी

खोलीत पंचवीसेक माणसं होती. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींशेजारी एक नवा खिळा ठोकलेला. वंदना झाली, पंचशील झालं. मी फ्रेम पुढे केली. मावशीने चष्मा लावला, काचेवरून बोट फिरवलं. म्हणाली, हे काय उठलंय हिच्या तोंडावर? म्हटलं, फोटो जुना ना मावशी, सुरकुत्या पडतात. ती म्हणाली, दोन वर्साचा नाय झाला, जुना कसला? माझा दे. माझ्या पोरीच्या हातातला हाय तो.

सगळे माझ्याकडे बघत होते. खिशातून काढून दिला.

तिने फोटो छातीशी धरला. मग बोटांना काही लागलं म्हणून उलटा केला. मावशीला तीनच अक्षरं येतात, र, ख, मा. संघप्रियाने सहीपुरती शिकवलेली. ती अक्षरं ती त्यात शोधत होती. माझं नाय यात, म्हणाली. काय लिवलंय रे, अभय?

मी म्हटलं, नाव लिहिलंय.

कुणाचं ते म्हटलं नाही. म्हणजे खोटं बोललो नाही, असं मी येताना बसमध्ये मनाशी जुळवत होतो.

मावशीचा चेहरा असा फुलला की मला तिकडे बघवेना. म्हणाली, तिनंच लिवलं असंल. माझ्याकडं होता तवा उलटा करून बगायचं सुचलंच नाय मला. तिचं अक्षर बाई! एक चिठ्ठी नाय तिची माझ्यापाशी. तिने त्या अक्षरांना गाल लावला. मग फोटो कैनातकडे दिला. मोठ्यानं वाच, म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.

कैनातने वाचलं. आधी मनात. मग माझ्याकडे पाहिलं. मी भाषणाची पानं घट्ट धरून उभा होतो.

मग ती मोठ्याने म्हणाली: संघप्रिया सिताराम गमरे. पुरं नाव लिहिलंय मावशी, बापाच्या नावासकट.

मावशी हुंदके देऊन रडली. कैनात खाली बसली, माझी कॉपी फ्रेममधून काढली, मूळ फोटो घातला, मागून पुठ्ठा लावला आणि सगळीकडून चिकटपट्टी मारली. एक कोपरा उघडा ठेवला नाही. खिळ्यावर टांगला. मावशी माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, शब्दाला जागलास बाबा.

मला आजवर एवढी लाज वाटलेली नाही. हे लिहायला दुसरी कुठली तऱ्हा मला सापडत नाही.

बाहेर कैनातला गाठलं. म्हटलं, मी संघप्रियावर लिहितो. खरंच लिहितो. तू सांग तिच्याबद्दल. ती म्हणाली, मावशीनं सांगितलेलं ना तुमाला? दोन तास? मी भाषणाची पानं खिशात घातली. मग ती म्हणाली, शीळ संघप्रियाच घालायची. गेटच्या बाहेर पडली की रोज. पोरांपेक्षा भारी. मावशी ओरडायची तिला. मी जूनमध्ये तेच सांगायला आलेली तुमच्या हापिसात. नामा वॉचमनला विचारा, त्यानं त्या दिवशी कुनाची ऐकलेली.

मी विचारायला गेलो नाही. विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी आल्यावर ९ फेब्रुवारीचं पान काढलं. मावशी दोन तास बोलली त्या दिवसाचं. शिळेचं त्यात काही नाही. प्रेसमधला माणूस सहाला घरी जातो, हे आहे.

रबाळ्याच्या नाक्यावरून येताना एक पोरगा शीळ घालत चालला होता. त्याच्या पुढे दोन मुली होत्या, त्या पळायला लागल्या. मी त्याला अडवणार होतो. तेवढ्यात बस आली.

विशाखाने आत्ता विचारलं, वहीची किती पानं उरलीत? तिला मापं लिहायची आहेत. पुष्कळ उरलीत. फाडून देतो.